प्रिंटिंग मिस्टेक

गेटावरचा फ्लेक्स प्रेमानंदने पहाटेच उतरवला होता, तरी दुपारचे बारा वाजेपर्यंत त्याला चौदा फोन आले. उतरवून उपयोग काय, त्याचा फोटो कालपासून गावभर फिरत होता. अख्ख्या लेआऊटमध्ये बौद्धांची घरं दोन. त्यातलं एक गजभियांचं, आणि तिकडे सीमेवर क्षेपणास्त्रं सुटत असताना नेमकं त्याच गेटावर लागलं, 'युद्ध नको, बुद्ध हवा'. बरं, ओळ एकटी असती तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. दर बुद्धपौर्णिमेला ती इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत शंभर ठिकाणी लागते. पण या वर्षी ओळीच्या वर प्रेमानंदच्या वडिलांचा, बाबूजींचा फोटो होता, फौजी वर्दीतला, छातीवर एकाहत्तरच्या लढाईची पदकं लावलेला. आणि खाली नाव: माजी नाईक देवाजी सोमाजी गजभिये, महार रेजिमेंट.

खरं तर लागायला हवे होते दोन फ्लेक्स. एक पौर्णिमेचा. दुसरा सत्काराचा, कारण सोमवारी पौर्णिमेच्या कार्यक्रमात विहार समिती बाबूजींचा सत्कार करणार होती. दोन मजकूर दोन वेगळ्या कागदांवर लिहून प्रेमानंदने स्वतः पिंटूच्या दुकानात दिले होते. छापून आला एकच. गुरुवारी तो पोस्टातली ड्युटी संपवून घरी येईस्तोवर फ्लेक्स गेटावर चढलेलाही होता, आणि घामाघूम झालेल्या प्रेमानंदने वर न बघताच गेट ढकललं. त्या एका न बघण्याबद्दल तो आता स्वतःला शिव्या घालत होता.

त्याच्या मुलीने, रोशनीने बघितला. बघितला आणि आजोबांच्या कौतुकाने स्टेटसला टाकला. शुक्रवारी सकाळी तो लेआऊटच्या ग्रुपवर गेला, दुपारी कुण्या मोबाईलवरच्या बातमीवाल्याने त्याला 'माजी सैनिकाचा युद्धाला विरोध' असं शीर्षक चिकटवलं, आणि संध्याकाळी रोशनीच्या मॅनेजरचा फोन आला. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत ती दीड वर्षापासून इंजिनीअर होती, तिथे विमानांचे सुटे भाग बनत, आणि त्यातले काही हवाई दलाकडे जात. मॅनेजर आवाज न चढवता बोलला. शनिवारी पाच वाजेपर्यंत आजोबांचा खुलासा पाहिजे, व्हिडिओत. नाहीतर मंगळवारपासून गेटपास बंद, पुढचं चौकशी झाल्यावर बघू.

म्हणून आज शनिवारी सगळे समोरच्या खोलीत जमले होते आणि कूलर ओलसर हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता.

"पिंट्यानं घोळ केला," प्रेमानंद सकाळपासून विसाव्यांदा म्हणाला. "दोन कागद देल्ले, त्यानं एकात कोंबले. प्रिंटिंग मिस्टेक झाली म्हनून सांगून टाकाचं. दोन मिनिटाचा व्हिडिओ. विषय खतम."

"माफी कायले मागाची पन?" प्रीतमने विचारलं. प्रीतम त्याचा धाकटा भाऊ, रामटेकला कॉलेजात शिकवायचा. सकाळच्या बसने आला होता आणि आल्यापासून घरातल्या प्रत्येकाला संविधान समजावून सांगत होता.

"माफी नाही. खुलासा."

"एकच हाय ते, भाऊ. एकाहत्तरात या लेआऊटातला कोन गेलता लढाले? कोनाचा बाप गेलता? ज्याच्या घरचा मानूस खंदकात झोपून आला त्यानं खुलासा द्याचा, अन् जे सोफ्यावर बसून फॉरवर्ड करून राहिले ते देशभक्त. हा कुठला हिसाब हाय?"

"तुहं बरोबर हाय."

"मंग?"

"बरोबर असून काय करू मी?" प्रेमानंदचा आवाज फाटला. "तू उद्या रामटेकले जाशीन. मले इथं राहा लागते. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे पाहून राहिले माह्याकडं. अबे, आपल्याले दोन-दोनदा दाखवा लागते, त्यायले एकदाबी नाही. हे मले समजत नाही असं वाटते का तुले? समजते म्हनूनच दाखवतो."

आणि तो दाखवत होता, हे खरं होतं. बारा वर्षांपूर्वी इंदोऱ्यातलं घर सोडून इथे प्लॉट घेतला, तेव्हापासून पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी आणणं, खांब रंगवणं, लाडूंचा डबा उचलणं, सगळं त्याच्याकडे. ते काम त्याने कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. बाबूजींनी आयुष्यभर एक गोष्ट धड केली नसती तर चाललं असतं, पण या घडीला त्यांनी गप्प बसून तांदूळ निवडावेत, हे त्याच्या डोक्यात जात होतं.

बाबूजी खरोखरच तांदूळ निवडत होते. सोमवारच्या खिरीचे. सत्त्याहत्तराव्या वर्षीही चष्म्याशिवाय खडा टिपायचे. एक खडा त्यांनी बाजूला ठेवला.

"पिंट्याची चूक नाही," ते म्हणाले.

कुणाला कळलंच नाही.

"बुधवारी मी गेलतो दुकानात. त्यानं दोन्ही डिझाईन दाखवले. मी म्हनलं, दोन कायले, एकच कर. माहा फोटो वर घे अन् ती ओळ खाली. तो म्हने, प्रेमानंद भाऊले विचारतो. मी म्हनलं, फोटो माहा हाय का त्याचा?"

प्रेमानंद खुर्चीत मागे टेकला. त्याला बापाचा भयंकर राग आला. प्रीतमच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी आली.

"पाह्य. म्हनजे बाबूजी ठाम आहेत. आपन उद्या पत्रकार बोलावू, मी निवेदन लिहितो..."

"तू माह्या नावानं भाषन नको ठोकू," बाबूजी म्हणाले आणि ताट हलवलं.

*

इंदूबाईंना दोन्ही पोरांचा कंटाळा आला होता. एक भितो, दुसरा गरजतो, आणि मधल्या मधे नात खोलीत दार लावून बसलेली. नवऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, एवढ्या काळात या माणसाने स्वतःहून दुकानात जाऊन एक काम केलं, आणि ते हे.

तीन वाजता नानाजी आले. नानाजी म्हणजे पलीकडच्या ओळीतले, मूळ भिवापूरचे, लेआऊटच्या ग्रुपचे प्रमुख. दर मार्चमध्ये घरच्या शेतातल्या मिरचीचं तिखट न चुकता आणून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर इंदूबाईंनी सरळ दाराबाहेर काढला असता. चांगल्या माणसाला काढता येत नाही, हीच पंचाईत होती.

"काकाजी, तुमच्याबद्दल कोनाले डाऊट नाही," नानाजी पाणी पिऊन म्हणाले. "तुमी आमच्या लेआऊटची शान आहात."

"मंग खुलासा कायचा?" देवाजींनी विचारलं.

"लोकं विचारून राहिले ना. वातावरन कसं हाय, तुमाले माहीत हाय. देशावर टाईम आला का मानसानं एका आवाजात बोलावं, एवढंच म्हननं हाय लोकायचं. तुमची ती ओळ चांगलीच हाय. पन आत्ता नाही. शांतीच्या टाईमले शांती म्हना."

"शांतीच्या टाईमले शांती कोनाले पायजे असते?"

नानाजींनी मान हलवली, म्हणजे हे उत्तर ग्रुपवर चालणार नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अन् एक सांगू का, राग नका मानू. काल रात्री आठाले ब्लॅकआऊट म्हनून सगळ्यायनं लाईट बंद केले, तं तुमच्या घरचा बाथरूमचा लाईट चालू होता. कोनीतरी त्याचाबी फोटो टाकला."

"मी गेलती बाथरूमले," इंदूबाई म्हणाल्या. "त्र्याहत्तर वर्षाची बाई अंधारात पडून कंबर मोडली असती, तं देश वाचला असता का वो नानाजी?"

"तसं नाही, काकू..."

"तसंच हाय. गुडघा धरून मी भिंतीले टेकत जाते, अन् लोकं माह्या खिडकीचे फोटो काढून राहिले. तुमच्या ग्रुपात टाका हेबी. टाका, काकूचं पोट खराब होतं म्हनून."

नानाजी उठले. पाच वाजेपर्यंत व्हिडिओ मिळाला तर आपण ग्रुपवर टाकू आणि विषय मिटवू, असं प्रेमानंदला दारात सांगून गेले. प्रेमानंद त्यांच्यामागे गेटापर्यंत गेला आणि उगाच दोन मिनिटं हसत उभा राहिला. ते हसणं इंदूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या नवऱ्याकडे वळल्या. "अवो, झालं का तुमचं समाधान? कायले करा लागत होता हा उपद्व्याप? पोरीच्या नोकरीवर आलं. करा तो व्हिडिओ अन् मोकळे व्हा."

देवाजींनी ताट खाली ठेवलं. मग बोलले ते ताटाकडे बघूनच.

"लढाई थांबल्यावर आमाले एका गावाबाहेर ठेवलं होतं. समोरच्यायचे अकरा मानसं पडून होते वावरात. थंडी होती, पन चार दिवस झालते. साहेब म्हने, माती द्या त्यायले. आमी खड्डे खंदले. मंग साहेब म्हने, असंच नाही टाकता येत, काही तरी म्हना लागते. त्यायचं कोनाले येते? कोनालेच येत नव्हतं. मौलवी नाही, पंडित नाही, आपला भंते तं नाहीच नाही. सगळे एकामेकाकडं पाहून राहिले."

"मंग?" प्रीतमने विचारलं. त्याच्या आवाजातलं भाषण आता गेलं होतं.

"मंग मले येत होतं तेच मी म्हनलं. बुद्धं सरणं गच्छामि. एका एका खड्ड्यावर तीनदा. लहानपनी दीक्षेच्या दिवशी बापाचं बोट धरून म्हनलं होतं, तेवढंच पाठ होतं मले. ते मुसलमान होते, त्यायले काय समजलं असन. पन दुसरं काही नव्हतंच माह्यापाशी."

"साहेब रागावला नाही?"

"साहेब म्हने, चालते."

कूलरचं पाणी संपलं होतं, तो कोरडाच घुरघुरत होता. उठून पाणी टाकायचं कुणाला सुचलं नाही.

"तवापासून मले दोन्ही वेगळं नाही वाटत," देवाजी म्हणाले. "वर्दी अन् ती ओळ. ज्यानं लढाई फक्त टीव्हीवर पाह्यली, त्याले वाटत असन वेगळं. मले उद्या बोलवलं तं मी उद्या जाईन. विचारनार नाही काहून म्हनून. पन युद्ध नको म्हनाचा पहिला हक्क कोनाचा हाय? माहा हाय. म्हनून म्हनलं, फोटो वर घे."

इंदूबाईंना रडू आलं नाही, राग आला. पंचावन्न वर्षं. लढाईवरून आल्यावर त्याने त्यांना बिस्किटांच्या डब्याबद्दल सांगितलं होतं, बर्फाबद्दल सांगितलं होतं, बंगाली रसोइयाबद्दल इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना त्याचं नाव पाठ होतं. या अकरा माणसांबद्दल एक अक्षर नाही. हिवाळ्यात तो झोपेत पुटपुटायचा, तेव्हा त्या कुशीवर वळून 'पानी पायजे का' एवढंच विचारायच्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि कुणावर काढावं ते कळेना.

"नका करू व्हिडिओ," त्या म्हणाल्या.

"माय, आत्ता तं तू..." प्रेमानंदने सुरुवात केली.

"आत्ता मी बोलली ते आत्ता होतं. आता हे आता हाय. नाही कराचा."

तेव्हा वंदना स्वयंपाकघरातून बाहेर आली. प्रेमानंदची बायको, सासरी आल्याला तीस वर्षं झाली तरी सासऱ्यांसमोर आवाज न काढणारी. हाताला पीठ तसंच होतं.

"आई, तुमी सगळे मोठ्या गोष्टी करून राहिले," ती म्हणाली. "माह्या पोरीचं काय? सातशे जन बसले होते परीक्षेले, त्यातले सहा घेतले. एकदा गेटपास बंद झाला का कोनी चालू करत नाही. दुसऱ्या कंपनीत गेली तं तिथंबी विचारतीन. बाबूजीचं खरं हाय, मी कुठं नाही म्हनते. पन भाऊजी, तुमच्या नोकरीवर आलं असतं, तं तुमी असेच निवेदन लिहाले बसले असते का?"

प्रीतमने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. त्याची नोकरी पक्की होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

*

रोशनीने दाराआडून सगळं ऐकलं होतं. या घरात दार लावण्याचा उपयोग एवढाच की समोरचे जरा मोकळेपणाने बोलतात.

तिला सगळ्यांचा वैताग आला होता. पप्पांच्या भिण्याचा, काकाच्या जोशाचा, सहा वेळा 'आय पर्सनली अंडरस्टँड' म्हणणाऱ्या मॅनेजरचा. सगळ्यात जास्त स्वतःचा. तीन लाल हृदयं टाकून स्टेटस ठेवताना तिने ती ओळ वाचलीही नव्हती. लहानपणापासून दर वर्षी दिसणारी ओळ कोण वाचतं? तिने फक्त फोटो पाहिला होता. आजोबा त्यात फार देखणे दिसत होते.

चार वाजता ती बाहेर आली.

"राहू द्या आबाजी," ती म्हणाली. "मी त्यांना सांगते, व्हिडिओ नाही देत म्हणून. काय व्हायचं ते होऊ दे."

हे बोलतानाच तिला स्वतःचंच खरं कळलं. तिला कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं. आईने, पप्पांनी, कुणीही. तिला ती नोकरी हवी होती. सकाळी साडेसातची कंपनीची बस, गळ्यातला पास, टायटॅनियमच्या तुकड्यावर केसाइतकी चूक शोधणं, सगळं हवं होतं. आजोबांच्या अकरा माणसांसाठी ते सोडून देण्याइतकी ती मोठी नव्हती. तिला लाज वाटली, पण हवं होतं ते हवंच होतं.

आबाजींनी तिच्याकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांच्यापासून तिने आजवर काही लपवलेलं टिकलं नव्हतं.

"माहा कोट कुठं हाय वं?" त्यांनी आजीला विचारलं.

"कायले?"

"पदकं लावा लागतीन ना. बनियनवर थोडीच खुलासा देता येते."

"बाबूजी, नाही," प्रीतम काका उभा राहिला. "आत्ता तुमी जे सांगतलं त्याच्यानंतर? अन् प्रिंटिंग मिस्टेक म्हनून? हे खोटं हाय."

"मले माहीत हाय खोटं हाय. तू नको शिकवू." मग रोशनीकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "तुहा पास आला तवा तू पह्यले मले आनून दाखवला होता. आमच्या घरात कोनी उडनाऱ्या इमानाच्या कामाले हात लावीन, हे माह्या बापाच्या सपनातबी नव्हतं. माहा फोटो गेटावरून उतरला, उतरला. तुह्या गळ्यातला नाही उतरला पायजे. लिहून दे काय बोलाचं ते."

रोशनीने लिहून दिलं. मोठ्या अक्षरांत, वहीच्या पानावर, चार वाक्यं. पप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागे फक्त बाबासाहेबांचा फोटो राहिला, मग थोडा विचार करून त्यांनी खुर्ची सरकवली आणि तोही चौकटीतून बाहेर गेला. सगळ्यांनी ते पाहिलं. आजी आत निघून गेली.

"मी माजी नाईक देवाजी सोमाजी गजभिये," आबाजी वाचू लागले. "आमच्या फ्लेक्सवरचा मजकूर प्रिंटिंग मिस्टेकमुळे माझ्या फोटोखाली छापला गेला. त्याच्याशी माझा संबंध नाही."

हे त्यांनी एका दमात म्हटलं. कुठे अडखळले नाहीत. अडखळले ते पुढच्या वाक्यावर.

"मी भारतीय सेनेच्या पाठीशी ठाम..." ते थांबले. कागद खाली घेतला. "हे बोला लागते का वं?"

"लागेल आबाजी."

"पाठीशी म्हनजे? मी सेनेतच होतो ना. पाठीशी तं हे नानाजी लोकं आहेत."

"आबाजी, प्लीज."

ते एक वाक्य पाच वेळा रेकॉर्ड करावं लागलं. दर वेळी 'ठाम'पाशी आल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि पप्पा म्हणायचे, बाबूजी, चेहरा, चेहरा. पाचव्या वेळेस जमलं. शेवटचं 'जय हिंद' मात्र त्यांनी असं म्हटलं की पप्पांच्या हातातला मोबाईल हलला.

चार पन्नासला व्हिडिओ मॅनेजरला गेला, चार बावन्नला नानाजींना. पाच मिनिटांत ग्रुपवर झेंड्यांचा आणि अंगठ्यांचा पूर आला. 'सॅल्यूट काकाजी.' 'गैरसमज दूर झाला.' ज्या बाईने बाथरूमच्या खिडकीचा फोटो टाकला होता तिने हात जोडले. पप्पांनी एक एक करून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दोन दिवसांत प्रथमच त्यांना भूक लागली. आईने पोहे केले. काकाने ते खाल्ले नाहीत.

सहा वाजता टीव्हीवर युद्धविराम झाला.

आधी कुणाचा विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत नकाशावर बाण काढणारा निवेदक आता तोच नकाशा मागे ठेवून संयमाचं महत्त्व सांगत होता. पप्पांनी तीन चॅनल बदलले. सगळीकडे तेच.

ग्रुप दहा मिनिटं चिडीचूप होता. मग कुणीतरी पांढरं कबुतर टाकलं. मग दुसरं. मग कुणी लिहिलं, 'शेवटी युद्ध कुणालाच परवडत नाही.' त्याला एकतीस अंगठे मिळाले. काका मोबाईलकडे बघून हसायला लागला, आणि ते हसणं ऐकून रोशनीला त्याला मारावंसं वाटलं.

सव्वासहाला मॅनेजरचा मेसेज आला. व्हिडिओ मिळाला, आभार. विषय बंद. मंगळवारी नेहमीप्रमाणे कामावर यावे. मात्र परिस्थिती बदलली असल्याने हा व्हिडिओ आता कुठे प्रसारित करू नये, शक्य असल्यास काढून टाकावा.

"काढून टाका म्हणे," रोशनी पप्पांना म्हणाली. "दीड तासासाठी हवा होता."

"टिकली ना नोकरी," पप्पा म्हणाले. "आता कायले डोकं लावते."

साडेसहाला नानाजी गेटावर होते. आत यायला ते तयार नव्हते, घाईत होते, पण चेहरा उजळलेला. "काकाजीले म्हना, लावा आता तो फ्लेक्स. आता काही हरकत नाही. परवा तुमची पौर्णिमा हाय, चांगलं दिसते. मी सांगतो ग्रुपवर." पप्पा हो हो म्हणाले. खरंच ते आत येऊन पलंगाखालून फ्लेक्स काढू लागले, आणि आजीने त्यांच्या हातावर फटका मारला तेव्हा ते थांबले. पन्नास वर्षांच्या माणसाला आईने मारलेलं रोशनीने पहिल्यांदा पाहिलं.

आबाजी अंगणात होते. कोट अजून अंगावरच होता, पदकांसकट, एवढ्या उकाड्यात. रोशनी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मिटलं आबाजी. मंगळवारी जायचंय."

"बेस झालं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरंच आनंद झाला होता त्यांना, तो खोटा नव्हता. "इमानाचं काम हाय. नीट करत जा."

लेआऊटमधले दिवे आज बिनधास्त लागले होते.

"सोमवारी सत्काराच्या आधी पंचशील मलेच म्हनाले लावून राहिले," आबाजी म्हणाले. "मी पुढं म्हनीन, अन् सगळं विहार माह्या मांगून म्हनीन. तीन झाले का चौथं येते. मुसावादा. मी खोटं बोलनार नाही." ते तिच्याकडे वळले. विचारत होते, खरंच विचारत होते, शिकलेल्या नातीला. "ते मी कसं म्हनू वं, रोशनी?"

तिची नोकरी वाचली होती.